एलएम3886 कीट, तापणारा हीटसिंक आणि बायपास कॅपॅसिटर: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. तुम्ही आमच्या एलएम3886 ॲम्प्लिफायर कीटला दोन स्टार दिलेत. तक्रार अशी, की कीटमधल्या 0.1 मायक्रोफॅरडच्या सिरॅमिकऐवजी महागडे पॉलिप्रॉपिलीनचे बायपास (आयसीजवळ सप्लाय स्थिर ठेवणारे कॅपॅसिटर) लावूनही गाणं बंद असताना हीटसिंकला हात लावता येत नाही, म्हणजे बोर्डच सदोष. तुम्ही टाकलेले दोन्ही फोटो नीट पाहिले.

सिग्नल नसताना इतकी उष्णता म्हणजे बहुधा आयसी, म्हणजे एलएम3886 ही चिप, ऑसिलेट होतोय: इनपुट नसतानाही स्वतःच सिग्नल तयार करतोय, कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रीक्वेन्सीवर. आधी खात्री करा. स्पीकर सोडवा, पॉझिटिव्ह रेलच्या (आयसीला पुरवठा करणाऱ्या धन लाइनच्या) फ्यूजच्या जागी 10 ओहम, 2 वॉटचा रेझिस्टर लावा आणि त्याच्या दोन टोकांत डीसी व्होल्टेज मोजा. अर्धा व्होल्ट म्हणजे 50 मिलिअँपिअर, ठीक आहे. 0.85 व्होल्टच्या वर गेलं तर गडबड आहे. मल्टिमीटरच्या एसी रेंजवर हे ऑसिलेशन दिसणार नाही, ते मेगाहर्ट्झमध्ये असतं.

पहिल्या फोटोत कारण दिसतं. मोठा बॉक्स कॅपॅसिटर जागेत बसेना, म्हणून त्याचे पाय सुमारे 25-25 मिलिमीटर ठेवलेत. 50 मिलिमीटर तार म्हणजे ढोबळमानाने 50 नॅनोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे छोटी कॉइलच. 0.1 मायक्रोफॅरडशी तिचा रेझोनन्स 2.25 मेगाहर्ट्झच्या आसपास येतो आणि त्याच्या वर तो कॅपॅसिटर कॉइलसारखा वागतो. या आयसीचा गेन-बँडविड्थ (किती फ्रीक्वेन्सीपर्यंत तो सिग्नल वाढवू शकतो त्याचं माप) 8 मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे रेल घट्ट धरून ठेवायची गरज तिथेच आहे. पॉलिप्रॉपिलीनचे लॉसेस कमी, हा इतर ठिकाणी गुण. इथे मात्र रिंगिंग (रेझोनन्समुळे रेलवर होणारी थरथर) दाबायला काहीच उरत नाही. शेजारच्या साध्या इलेक्ट्रोलिटिकचा अंगचा रेझिस्टन्स ते काम करतो, म्हणून तो बदलून पॉलिमर लावू नका.

दुसऱ्या फोटोत बायपासची ग्राउंड तार इनपुट सॉकेटवर नेलीय. रेलमधले अर्ध्या लहरीचे करंट त्यामुळे इनपुटच्या ग्राउंडमधून वाहतात. त्याने डिस्टॉर्शन वाढतं, कधी ऑसिलेशनही सुरू होतं. ती तार काढाच.

आता दुरुस्ती. सप्लाय बंद करून मोठे कॅपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करा. पॉलिप्रॉपिलीन काढा. 100 व्होल्टचे एक्स7आर (सिरॅमिकचा एक प्रकार) सिरॅमिक बोर्डाच्या खालून थेट आयसीच्या पिनांना सोल्डर करा: एक 5 आणि 7 मध्ये, दुसरा 4 आणि 7 मध्ये, पाय शक्य तितके आखूड. आमच्या बोर्डावर 7 नंबरची पिन पॉवर ग्राउंडलाच जाते. आउटपुटवरचे 2.7 ओहम आणि 0.1 मायक्रोफॅरड जागेवर आहेत ना, तेही पाहा. गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) ठरवणारे 20 किलोओहम आणि 1 किलोओहम बदलू नका. गेन 10 च्या खाली गेला तर हा आयसी स्थिर राहत नाही.

आमची चूकही आहे. माहितीपत्रकात फक्त "0.1 मायक्रोफॅरड, बायपास" असं छापलंय, पायांची लांबी आणि कॅपॅसिटरचा प्रकार लिहायला हवा होता. पुढच्या छपाईत ते येईल. तुम्हाला दोन सिरॅमिक मोफत पाठवतो, ऑर्डर क्रमांक मेसेज करा. एवढं करूनही रीडिंग 0.85 च्या वर राहिलं, तर बोर्ड परत पाठवा. आयसीसकट बदलून देऊ, दोन्हीकडचं कुरिअर आमच्याकडे.