म्हणे म्हाताऱ्या शेतकऱ्यांना हवामान कळत नाही

ठाण्यातल्या अर्ध्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. साठीपुढचे शेतकरी अजून नक्षत्रं बघून पेरतात, क्लायमेट चेंज त्यांना मान्यच नाही, नवीन काही करायची तयारी नाही, नुकसान झालं की भरपाई मागायला पुढे, त्यापेक्षा हातात स्मार्टफोन द्या, सगळं सुटेल. माझे काका-काकू मुरबाडला भात करतात, दोघंही सत्तरीपुढची, त्यामुळे गप्प बसवत नाही, एकेक मुद्दा घेतोच.

नक्षत्रं. अहो, ती पाठ आहेत म्हणूनच तर फरक त्यांना आधी कळला! 25 मेच्या आसपास रोहिणी लागली की कोरड्या मातीत धूळवाफेवर पेरायचं, मृगाच्या पावसात उगवतं, हस्ताच्या सुमारास हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात कापायला येतं, असा हिशोब. काका कधीपासून म्हणतायत की हस्त सरला तरी पाऊस जायचं नाव घेत नाही. हवामान खात्याने 2020 मध्ये मुंबईतून मान्सून परतायची सरासरी तारीख 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबर केली. म्हणजे काकांचं आणि खात्याचं जुळलं, मेसेजवाल्याचं तेवढं राहिलं.

मान्य नाही म्हणे. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या पावसात ज्याच्या कापून ठेवलेल्या भाताला खाचरातच कोंब फुटले त्याला तुम्ही काय पटवणार? सोडा.

आता नवीन काही करत नाहीत, हे जरा सविस्तर. 2025 ला मान्सून 26 मेला मुंबईत आला, 1950 पासूनच्या नोंदीतला सगळ्यात लवकर, आणि त्याआधीही पाऊस लागलेलाच होता. राब, म्हणजे रोपांची जागा, भाजून तयार पण माती ओली, धूळवाफ गेली. मग काकूने काय केलं, बादलीत मिठाचं पाणी केलं, 10 लिटरला 300 ग्रॅम मीठ, त्यात बी ओतलं, वर तरंगलेलं पोचट काढून टाकलं, खालचं स्वच्छ धुवून भिजवलं, ओल्या गोणपाटात बांधून मोड आणले आणि चिखलात फेकलं, याला रहू म्हणतात. पण सगळं बी एकदम नाही टाकलं, थोडं राखलं, पहिलं कुजलं तर आठवड्याने दुसरं टाकता येतं. पाणी साचतं त्या खालच्या खाचरात गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं, वरच्या अंगाला कर्जत-3 ही हळवी जात, म्हणजे पाऊस लवकर गेला काय नि रेंगाळला काय, काहीतरी हाताला लागतं. आणि हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकून नाही.

नेरळच्या चंद्रशेखर भडसावळेंचं सगुणा राईस तंत्रही एका खाचरात करून बघितलंय, गादीवाफे करून थेट बी टोकायचं, चिखलणी नाही, लावणी नाही, कारण लावणीला माणसंच मिळत नाहीत, तरणी पोरं भिवंडीच्या गोडाऊनला जातात. त्यातलं तणनाशक काकूला अजिबात पसंत नाही, त्यावरून घरात रोज वाजतं. तर तयारी नाही वगैरे सांगू नका, अडतं ते अंगात. खारघरला 16 एप्रिल 2023 ला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात जी माणसं उष्माघाताने गेली ती उन्हात नुसती बसलेली होती हो, इथे सत्तरीची बाई बांध घालते. दुपारचं काम आता बंदच केलंय, पहाटे उठून जेवढं होईल तेवढं.

राहिली भरपाई आणि मोबाईल. 2019 ला पीक विम्यात काढणीनंतरचं नुकसान 72 तासांत कळवायचं होतं. वीज गेलेली, रस्ता चिखलात, आणि सातबाऱ्यावर आजोबांपासूनची सगळी भावकी, कळवणार कोण? 2021 पासून ई-पीक पाहणी आली, शेतात उभं राहून आपणच ॲपवर पिकाचा फोटो टाकायचा. मोबाईल आहे काकांकडे, चांगला आहे, पण राबलेल्या बोटांचा टच लागत नाही आणि त्यांच्यापर्यंत हवामानाचा अंदाज येतो तो अख्ख्या तालुक्याचा, पाऊस पडतो डोंगराच्या पलीकडे. स्मार्टफोन द्या म्हणणाऱ्यांनी या हंगामात एक रविवार काढून त्यांच्या बांधावर ती पाहणी भरून द्यावी, रेंज आली तर.