पुढचा खण राखा, मागे वाढा

धुळ्यात आग्रा रोडला किंवा नंबरांच्या गल्ल्यांत एखादं सागवानी घर पाडून काचेचं कॉम्प्लेक्स उभं राहिलं की दोन सूर निघतात. एक म्हणतो, गावाची कळा गेली. (हे म्हणणारा बहुधा देवपुरातल्या नव्या फ्लॅटात राहतो.) दुसरा म्हणतो, कुजक्या लाकडांवर धंदा होत नाही, भाऊ. सिंगापुरातून हा वाद ऐकताना वाटतं की दोघेही घराचा पुढचा भागच बघतात आणि मागची जागा हिशेबातच घेत नाहीत.

दोन्ही गावांची तुलना ओढूनताणून केलेली नाही. कॅप्टन ब्रिग्जने १८१९ मध्ये धुळ्याला खान्देशचं ठाणं केलं, सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली आणि सवलती देऊन बऱ्हाणपूरचे व्यापारी आणून बसवले. कंपनी सरकारच्याच रॅफल्सने १८२२ मध्ये सिंगापूरची आखणी ठरवली आणि प्रत्येक घरापुढे सलग, छपराखालची, सगळ्यांना खुली वाट सोडायला लावली. तिला इथे आजही 'पाच फुटी' म्हणतात. खाली दुकान, वर बिऱ्हाड, अरुंद तोंड, लांबलचक पोट आणि मधे उजेडाचा चौक, ही घराची रचना आपल्या पेठेतल्या माणसाला नवी नाही.

सिंगापूरनेही आधी भरपूर पाडलं. चायनाटाउन, लिटल इंडिया यांसारख्या वस्त्यांना संरक्षण मिळालं ते १९८९ मध्ये. आज ७,००० हून जास्त इमारती संरक्षित यादीत आहेत. पण नियम सरसकट एक नाही. मुख्य ऐतिहासिक वस्त्यांत अख्खं घर राखावं लागतं. त्यांच्या बाहेरच्या जुन्या बाजारांत मात्र रस्त्याकडचं मूळ घर ठेवून मागे त्याहून उंच नवं बांधता येतं. आपण उचलावं ते हे दुसरं.

समजा, प्लॉट १५ फूट रुंद आणि ६० फूट खोल आहे. पुढचे २५ फूट दोन मजली तसेच ठेवले तर ७५० चौरस फूट. मधे १० फुटांचा चौक. मागच्या २५ फुटांत चार मजले चढवले तर १,५००. एकूण २,२५० झाले, आणि रस्त्यावरचं दुकान बांधकाम चालू असतानाही बरंचसं चालू राहतं. सगळं पाडलं तर रुंदीकरणाची रेषा पुढचे काही फूट खाते, आणि बाजारात तेच सगळ्यात महाग फूट. वर पार्किंगची अट. १५ फुटांच्या तोंडातून गाडी आत घ्यायची म्हणजे दुकानच रस्ता होतं. सिंगापूरने राखीव घरांना पार्किंगच्या अटीत आणि विकास शुल्कात सवलत दिली, म्हणून मालक तयार झाले. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत वारसा इमारतींसाठी तरतूद आहे, पण तिचा उपयोग घर यादीत आलं तरच. यादी करणाऱ्यांना बहुधा किल्ले आणि देवळं दिसतात, कापडाचं दुकान दिसत नाही.

आता बांधकामाचं. धाब्याच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर माती पसरलेल्या सपाट छताच्या, घराची सगळ्यात मोठी चूक वरून होते. दरवर्षी गळती थांबवायला खारी माती टाकत गेलं की थर वाढत जातो. फूटभर मातीचं वजन चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास भरतं. पाच इंची स्लॅबचं तीनशेच्या वर. म्हणून गवंडी सांगतो, माती काढा, स्लॅब टाका, घर हलकं होईल. आकडा खरा, सल्ला खोटा. लाकूड लवतं, ऋतूप्रमाणे हलतं. स्लॅब हलत नाही, मग जोडाला चीर पडते आणि पाणी थेट तुळईच्या भिंतीतल्या टोकात मुरतं. तुळई मधे ठणठणीत आणि टोकाला भुसा, असं त्यामुळेच होतं. वाढलेले थर उतरवून एकच पातळ थर ठेवणं, पन्हाळीकडे उतार देणं, तुळईची टोकं टोचून बघणं आणि कुजलेल्या टोकाला नवं सागवान सांधणं, हे काम स्लॅबपेक्षा किचकट आहे, पण होतं. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा तर नकोच. आतली ओल कोंडते, क्षार फुगतात आणि दोनचार पावसाळ्यांत पापुद्रे निघतात. तिथे चुनाच हवा.

घर कोसळण्याचं नेहमीचं कारण मात्र शेजारी असतं. काळ्या मातीत कॉलमसाठी सात-आठ फूट खड्डा घेतला आणि सामाईक भिंतीचा पाया तीन-चार फुटांवरच संपत असला, तर भिंतीखालची माती खड्ड्यात सरकते. सगळी लांबी एकदम खोदायची नसते. चार-पाच फुटांचा तुकडा खोदायचा, पायाखाली काँक्रीट भरायचं, ते घट्ट झालं की एक तुकडा सोडून पुढचा घ्यायचा, आणि तोवर भिंतीला तिरके टेकू. पावसाळ्यात हे काम काढायचंच नाही. परवानगीच्या कागदावर ही अट लिहिली तरी पुष्कळ घरं वाचतील.

सिंगापूरची नक्कल मात्र करू नये. इथे भाडे नियंत्रण टप्प्याटप्प्याने उठत २००१ मध्ये पूर्ण गेलं, घरं चकचकीत झाली आणि त्यातले जुने कारागीर, दुकानदार बऱ्याच ठिकाणी पांगले. आता दर्शनी भाग जुना आणि आत दारूचे बार. धुळ्यात पागडीच्या भाडेकरूला मागच्या नव्या मजल्यात मालकीचा गाळा दिला तर पुढचं घर मोकळं होतं आणि तो माणूस गल्लीतच राहतो. चार भावांच्या वाटण्या असतील तिथे मात्र आधी सातबारा नव्हे, सिटी सर्व्हेचा उतारा नीट करावा लागेल. नकाशाआधी वकील लागतो, तो असा.

राहिला ओटा. सिंगापूरची 'पाच फुटी' मालकाचीच असते, पण ती अडवता येत नाही. आपल्याकडे आधी ओट्यावर शटर पुढे सरकतं आणि अतिक्रमणाची मोहीम आली की ओटाच तुटतो. ओट्याखालून गटार जाते, तोडताना तिचा उतार बिघडतो, आणि पहिल्याच पावसात पाणी दुकानात शिरतं.