आमच्या ४ए झिओलाइटवरील अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. केओलिन मातीपासून आम्ही बनवलेल्या ४ए झिओलाइटच्या (अतिसूक्ष्म छिद्रे असलेल्या स्फटिकी पदार्थाच्या) भुकटीबद्दल आपल्या दोन तक्रारी आहेत: नायट्रोजनने मोजलेले पृष्ठफळ जेमतेम काही चौरस मीटर प्रतिग्रॅम भरले, म्हणजे पदार्थ सच्छिद्र नाही, आणि क्ष-किरण विवर्तनात (स्फटिक ओळखण्याच्या चाचणीत) क्वार्ट्झ, म्हणजे गारेचे खनिज, दिसले, म्हणजे मालात भेसळ आहे.

आपले मोजमाप बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. ४ए प्रकारात सोडियमचे आयन छिद्रांच्या तोंडाशीच बसलेले असतात आणि वाट सुमारे ०.४ नॅनोमीटर उरते. पृष्ठफळाची चाचणी उणे १९६ अंश सेल्सिअसला होत असल्यामुळे त्या थंडीत नायट्रोजनचा रेणू या वाटेने आत जवळजवळ सरकतच नाही, आणि उपकरण फक्त कणांची बाहेरची बाजू मोजते. उत्तम प्रतीच्या ४ए झिओलाइटबाबतही हेच घडते. हाच नमुना कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवून आयनांची अदलाबदल केली, की दोन सोडियमच्या जागी एक कॅल्शियम येतो, तोंडे मोकळी होतात आणि नायट्रोजन आत जातो. तेवढे करायचे नसेल तर शून्य अंशाला कार्बन डायऑक्साइडचे किंवा पाण्याच्या वाफेचे अधिशोषण (छिद्रांत किती धरले जाते ते) मोजावे. मात्र त्याआधी नमुना निर्वातात सुमारे ३०० अंशांवर नीट कोरडा करणे अत्यावश्यक आहे, कारण आत राहिलेले पाणी कोणतीही चाचणी बिघडवते.

क्वार्ट्झबद्दल मात्र चूक आमची आहे. ते कोणी मिसळलेले नाही, मूळ मातीतच होते; केओलिन सुमारे ७०० अंशांवर भाजले की त्याचे अस्फटिकी मेटाकेओलिन होते आणि ते कॉस्टिक सोड्यात विरघळून झिओलाइट बनते, पण क्वार्ट्झ या दोन्ही टप्प्यांतून बव्हंशी तसेच राहते. माती धुऊन ते कमी होते, संपत नाही. ही गोष्ट माहितीपत्रकात लिहिणे आमचे कर्तव्य होते आणि ते आम्ही पाळले नाही, याबद्दल मनापासून क्षमस्व. आलेखात सोडालाइट (कॉस्टिक सोड्यात फार वेळ राहिल्यास झिओलाइटऐवजी बनणारे खनिज) दिसले असते, तर सोड्याच्या द्रावणातील वेळ आम्ही लांबवला असे म्हणता आले असते आणि तो माल आम्ही निमूटपणे परत घेतला असता.

यापुढे प्रत्येक खेपेसोबत पूर्ण विवर्तन आलेख आणि पाण्याच्या अधिशोषणाचा आकडा जाईल. आपल्याच खेपेचा राखून ठेवलेला नमुना, सोडियमच्या जागी कॅल्शियम घातलेल्या भागासह, आम्ही आपल्याकडे विनामूल्य पाठवत आहोत. तो आपल्याच उपकरणावर तपासावा.