उष्ण प्रदेशातील झाडांचा हिवाळा : एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

थंडीची चाहूल लागली की कुंडीतील झाडांविषयीचा एक सल्ला हातोहात पसरू लागतो. त्याचा गोषवारा असा: उष्ण प्रदेशातील झाडे कडाक्याची थंडी पडताच घरात घ्यावीत, ती सर्वांत उबदार जागी, शक्य तर हीटरजवळ ठेवावीत, कारण त्यांना उजेडापेक्षा ऊब अधिक लागते, आत घेतानाच त्यांना मोठी कुंडी द्यावी, जागेत मावत नसतील तर सरसकट निम्मी छाटावीत, पानांवर रोज पाणी फवारावे आणि दरमहा खत घालावे, एवढे करूनही पाने गळाली तर झाड मेले असे समजावे, आणि जे मावतच नाही ते टाकून द्यावे. हा सल्ला आटोपशीर आहे आणि देणाऱ्यांचा हेतूही चांगला आहे. परंतु ज्या झाडांना वाचवायचे, त्यांच्याच मुळावर तो येतो. हिवाळ्यात झाडाला वाढवायचे नसून केवळ टिकवायचे असते, ही गोष्ट त्यात कोठेच लक्षात घेतलेली नाही.

‘कडाक्याची थंडी पडताच’ हा मुहूर्तच उशिराचा आहे. पाणी गोठण्याइतकी थंडी पडेपर्यंत झाडांना धोका नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात उष्ण कटिबंधातील कित्येक झाडांच्या पेशींची आवरणे साधारण १० ते १२ अंश सेल्सिअसच्या खालीच नीट काम करेनाशी होतात. ही इजा लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी पानांवर पाणी मुरल्यासारखे डाग पडतात, ते काळवंडतात, आणि तोवर ती थंड रात्र विस्मरणात गेलेली असते. म्हणून रात्रीचे तापमान १२ अंशांकडे उतरू लागले की झाडे आत घ्यावीत. त्याआधी पानांची मागची बाजू आणि पेरांमधील खाचा नीट तपासाव्यात, कारण पिठ्या ढेकूण आणि खवले कीड तेथेच दडून घरात येतात.

आता या सल्ल्यातील सर्वांत घातक विधान: उजेडापेक्षा ऊब महत्त्वाची. झाड उजेडात अन्न तयार करते आणि श्वसनातून ते अहोरात्र खर्च करते. हा खर्च तापमानावर ठरतो. नेहमीच्या तापमानांच्या टप्प्यात १० अंशांच्या वाढीमागे श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. उत्पन्न मात्र उजेडावर ठरते. भर उन्हात मोकळ्यावर सुमारे १,००,००० लक्स प्रकाश असतो, तर खिडकीपासून दोन-तीन मीटर आत, हिवाळ्यातील ढगाळ दिवशी, तो बहुधा काहीशे लक्सवर किंवा त्याहूनही खाली आलेला असतो. आपले डोळे मंद उजेडाला सहज सरावतात, त्यामुळे ही तफावत आपल्याला जाणवत नाही. पानाला ती तत्काळ जाणवते. अशा कोपऱ्यात २५ अंशांत ठेवलेले झाड १५ अंशांतील झाडाच्या जवळजवळ दुप्पट खर्च करते आणि कमाई तेवढीच, म्हणजे नगण्य, राहते. मग ते साठवणीतले अन्न वापरून लांबुडके, फिकट, दोन पेरांमध्ये नको तेवढे अंतर असलेले कोंब काढते. ‘बघा, ऊब मिळताच पालवी फुटली’ असे म्हणून ज्याचे कौतुक होते, ते बहुतेक वेळा हेच असते, आणि वसंत येईपर्यंत ते कोंब माना टाकतात.

त्यामुळे नियम असा हवा की उजेड जितका कमी, तितकी जागा थंड. अर्थात त्या झाडाला सोसेल इतपतच. ही काही नवी कल्पना नाही. फ्रान्समधील व्हर्साय येथील राजवाड्यातील ओरांजरी ही झाडांच्या हिवाळी मुक्कामाची इमारत १६८४ ते १६८६ या काळात वास्तुविशारद ज्यूल आर्दुआँ-माँसार याच्या आराखड्यानुसार बांधली गेली. दक्षिणेकडे उंच खिडक्या, जाडजूड भिंती, आणि आत गोठणबिंदूच्या थोडेच वर राहणारे तापमान. संत्रावर्गीय झाडे, डाळिंब, कण्हेर आणि ताड-माडांच्या कुळातील काही झाडे अशी हजाराहून अधिक झाडे पेट्यांमध्ये लावलेली असतात आणि दर हिवाळा तेथे काढतात. ती बहुतेक उपोष्ण प्रदेशातील असल्याने इतका गारवा सोसतात, हे खरे. अँथुरियम, अलोकेशिया यांसारख्या अस्सल उष्ण कटिबंधातील झाडांना तो सोसणार नाही. त्यांना १६ ते १८ अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. मात्र ऊब द्यायची तर तिच्या जोडीला उजेडही द्यावा लागतो. खिडकीला अगदी लागून जागा, किंवा झाडापासून हातभर अंतरावर रोज १२ ते १४ तास लावलेला एलईडी दिवा, याशिवाय ते साधत नाही. हीटरशेजारची जागा तर कोणत्याच झाडाला मानवत नाही. तेथे पाने एका बाजूने करपतात आणि कोरड्या, गरम हवेत लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी कीड झपाट्याने वाढते.

मोठ्या कुंडीचा सल्ला वरवर दयाळू वाटतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीतून झाड त्याच घाटाच्या ४० सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीत हलवले, तर मातीचे आकारमान सुमारे २.४ पट होते. मुळे मात्र तेवढीच राहतात, आणि हिवाळ्यात पाण्याची मागणीही घटलेली असते. मुळांभोवतीची ही रिकामी माती आठवडेच्या आठवडे ओली राहते, तिच्या पोकळ्यांमध्ये हवेऐवजी पाणी भरून राहते, मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि मूळकूज घडवणाऱ्या बुरशीसदृश जिवांचे फावते. फसवणूक अशी, की वरचा दोन बोटे थर सुकलेला दिसतो आणि म्हणून आणखी पाणी घातले जाते. अशी कुंडी किंचित तिरकी करून उचलून पाहावी: ती अनपेक्षितपणे जड लागते, आणि तळाच्या भोकाशी नाक नेले तर आंबूस वास येतो. मुळे गच्च भरलेली जुनी कुंडी हिवाळ्यापुरती उलट अधिक सुरक्षित असते, कारण तिच्यातील पाणी लवकर वापरले जाते.

कुंडी बदलण्याचा काळ वसंताच्या सुरुवातीचा, मुळे पुन्हा कामाला लागतात तेव्हाचा. तेव्हाही दर वेळी आकार वाढवलाच पाहिजे असे नाही. मुळांचा गड्डा बाहेर काढून त्याच्या कडेचा आणि तळाचा साधारण पाव ते एक तृतीयांश भाग धारदार सुरीने कापावा, मोकळ्या झालेल्या जागेत ताजी, निचऱ्याची माती भरावी, त्या प्रमाणात वरचा विस्तार थोडा कमी करावा, आणि झाड त्याच कुंडीत परत बसवावे. फायकस, जास्वंद, बोगनवेल यांसारखी झाडे ही शस्त्रक्रिया चांगली सोसतात. ज्याला आपल्या जागेच्या मापात मोठे झाड वर्षानुवर्षे ठेवायचे आहे, त्याने हे काम शिकून घ्यावेच. लंडनमधील क्यू या वनस्पती उद्यानात १७७५ साली आणलेले एक सायकॅड, म्हणजे पामसारखे दिसणारे झाड, अडीचशे वर्षे कुंडीतच जगत आले आहे.

‘सरसकट निम्मे छाटा’ या वाक्यातील ‘सरसकट’ या शब्दाने किती झाडांचा बळी घेतला असेल, याची कल्पना करवत नाही. छाटणी सोसणे हे नवा कोंब कोठून फुटू शकतो यावर अवलंबून असते, आणि ती जागा प्रत्येक झाडात वेगळी असते. जास्वंद आणि बोगनवेल यांच्या फांदीवर पानापानाच्या बगलेत डोळा असतो. डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर, किंचित तिरका काप दिला की तो डोळा जागा होतो, आणि दोन्हींना फुले नव्या फुटीवर येत असल्याने बहरही हुकत नाही. रबर प्लांट कापताच पांढरा चीक गळतो, तो ओल्या कापडाने थोपवावा लागतो. पण कापाखालच्या पेरांतून ते फुटते. ड्रॅसिनाचे नुसते खोड उरले तरी त्याला नवे तुरे येतात. याउलट एकखोडी पामला वाढीचा एकच बिंदू असतो, शेंड्याच्या गाभ्यात. तो कापला की ते खोड संपले. बगलेतून काहीही फुटत नाही. अरेका पामसारख्या झुबक्याने वाढणाऱ्या जातींत जमिनीलगत संपूर्ण खोड काढून गर्दी कमी करता येते, पण उरलेल्या खोडाची उंची कमी करता येत नाही. अरौकारियाचा, म्हणजे अनेक घरांत ख्रिसमस ट्री म्हणून ठेवल्या जाणाऱ्या त्या सुबक झाडाचा, शेंडा खुडला तर झाड मरत नाही, मात्र त्याची ती मजल्यामजल्याची मांडणी सहसा पुन्हा कधी येत नाही. त्याच्या बाजूच्या फांदीचे कलम केले तर तेही उभे न वाढता आडवेच पसरते. चाफ्याची (सोनचाफा नव्हे, तर चिकाळ, जाड फांद्यांचा प्लुमेरिया) फुले फांदीच्या टोकावर येतात, म्हणून टोके उडवली की येत्या हंगामातील त्या फांद्यांचा बहर जातो. ब्रुगमॅन्सियाचे, म्हणजे लोंबत्या तुतारीसारख्या फुलांच्या झाडाचे, खोड इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे दुभंगल्यानंतर वरच्या भागावर फुलते. त्या दुभंगाखाली कापले तर त्याला पुन्हा उंच वाढून दुभंगेपर्यंत वाट पाहायला लावणे होते.

वेळेचाही प्रश्न आहे. जी झाडे छाटणी सोसतात, त्यांचीही मोठी छाटणी हिवाळ्याच्या तोंडावर करणे चुकीचे आहे, कारण कापाने डोळे जागे होतात आणि अपुऱ्या उजेडात अशक्त कोंब फुटतात, ज्यांवर मावा हमखास येतो. आत घेताना दारातून आणि खिडकीशी बसेल इतकेच, फार तर एक तृतीयांश, कमी करावे. खरी छाटणी हिवाळा सरताना करावी. पसरट पामच्या झावळ्या मऊ दोरीने वर उचलून सैलसर बांधल्या, तर एकही पान न कापता रुंदी बरीच कमी होते. कापण्याआधी हा उपाय करून पाहावा.

रोजच्या फवाऱ्याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. शून्य अंशांच्या बाहेरच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त ४.८ ग्रॅम बाष्प मावते, तर २० अंशांच्या हवेत सुमारे १७.३ ग्रॅम, म्हणजे बाहेरची ओलसर हवा आत येऊन नुसती तापली तरी तिची सापेक्ष आर्द्रता २८ टक्क्यांवर येते. पानांवर उडवलेले पाणी काही मिनिटांत उडून जाते आणि खोली पूर्वीइतकीच कोरडी होते. झाडे एकमेकांजवळ ठेवणे, हीटरपासून दूर ठेवणे आणि गरज भासल्यास आर्द्रतायंत्र लावणे हेच उपाय टिकाऊ आहेत. खताचेही तसेच: झाड वाढत नसेल तर घातलेले क्षार मातीत साचतात, कडेला पांढरा थर धरतो आणि मुळांची टोके करपतात. केवळ दिव्याखाली खरोखर वाढणाऱ्या झाडांना सौम्य मात्रा द्यावी.

पाने गळाली म्हणजे झाड मेले, हा समज सर्वांत दुःखद आहे, कारण त्यापायी जिवंत झाडे टाकून दिली जातात. भर उजेडात तयार झालेली पाने मंद उजेडात परवडत नाहीत, म्हणून फायकससारखे झाड ती स्वतःहून टाकते आणि कालांतराने त्या उजेडाला साजेशी नवी पाने काढते. शंका असेल तर कोवळ्या फांदीची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. खाली ओलसर हिरवे दिसले तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडे दिसले तर थोडे खाली, मग आणखी खाली, खोडापर्यंत तपासत जावे. या काळात पाणी वाढवायचे नसून कमी करायचे असते, कारण पाने नसलेले झाड पाणी फारसे ओढत नाही.

शिवाय काही झाडांसाठी पानगळ ही विश्रांतीच असते, आणि जागेच्या अडचणीवर तीच सर्वांत मोठी सोय ठरते. चाफा पूर्ण निष्पर्ण होऊ द्यावा, पाणी जवळजवळ बंद करावे आणि १० अंशांच्या किंचित वर, अंधाऱ्या खोलीतही, तो कुंडीसकट ठेवावा. कर्दळ आणि अळू यांचे कंद काढून, सुकवून, कोरड्या भुशात ठेवता येतात. कॅलॅडियमचे कंद मात्र १५ अंशांच्या वर ठेवावे लागतात. येथेही सरसकटपणा टाळायला हवा. फायकस, पाम, मॉन्स्टेरा ही सदाहरित झाडे असे झोपत नाहीत. त्यांना अंधारात ठेवणे म्हणजे उपाशी ठेवणे.

राहता राहिले ‘मावत नसेल तर टाका’. मॉन्स्टेराचे एक पेर आणि त्यावरील हवाई मूळ असलेला तुकडा ओल्या माध्यमात रुजतो. छताला टेकलेल्या रबर प्लांटवर उन्हाळ्यात गुटी कलम बांधता येते: खोडावरील बोटभर रुंदीची साल गोलाकार काढायची, त्यावर ओले शेवाळ गुंडाळून प्लॅस्टिकने घट्ट बांधायचे, आणि प्लॅस्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागली की त्याखाली कापून वरचा भाग नव्या कुंडीत लावायचा. खालचे खोडही फुटते. म्हणजे जे झाड मावत नव्हते त्याची दोन आटोपशीर झाडे होतात. हे काम ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत उरकले, तर थंडीपूर्वी दोन्ही स्थिरावतात. एकखोडी पामला यातील कोणताच मार्ग लागू पडत नाही. क्यू उद्यानातील टेंपरेट हाऊस या काचगृहात १८४६ साली बीपासून वाढवलेला चिलीचा पाम १६ मीटरच्याही वर गेला आणि थेट काचेच्या छताला भिडला. एवढ्या मोठ्या संस्थेलाही त्याची उंची कमी करता आली नाही. असे झाड खोलीच्या छतापासून अर्धा मीटर अंतरावर आले की त्याच उन्हाळ्यात त्याच्यासाठी अधिक उंच जागा असलेला कोणी शोधावा, कारण उन्हाळ्यात हलवलेल्या झाडाला नव्या जागी रुळायला थंडीपूर्वी पुरेसे महिने मिळतात.