पाळी चुकली? आधी तारखा मांडा

गणपती जाऊन तीन-चार आठवडे झाले, किंवा शिमग्याला आलेले चाकरमानी परतून महिना होत आला, की आपल्याकडच्या मेडिकलमध्ये एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. आधी क्रोसिनची पट्टी मागतं, मग खोकल्याचं औषध. दुकानात ओळखीचं कोणी उरलं नाही की हळूच, "एक ते... प्रेगा न्यूज द्या. कागदात गुंडाळून." देवगडची बाई त्यासाठी कणकवली गाठते, गुहागरची चिपळूण. बाजारपेठ एवढीशी आणि काउंटरवर भाऊजींचा वर्गमित्र, म्हटल्यावर दुसरं करणार काय!

या काळजीतला मोठा भाग चुकीच्या हिशेबातून येतो, असं माझं ठाम मत आहे. दिवस राहिलेत का हे बघायची टेस्ट लवकर केली जाते, म्हणून निगेटिव्ह येते आणि कोणाचा विश्वास बसत नाही. किंवा 'लांबली' असं जिला म्हणतात ती पाळी मुळात लांबलेलीच नसते. म्हणून आधी तारखा.

पाळीचं चक्र मोजायचं ते रक्तस्राव सुरू झाला त्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. पाळी थांबली त्या दिवसापासून नव्हे. मोठ्या बाईचं २१ ते ३५ दिवसांतलं कुठलंही चक्र नॉर्मल धरतात. पाळी नुकती सुरू झालेल्या मुलीचं पहिली एक-दोन वर्षं ४५ दिवसांपर्यंत गेलं तरी चालतं. ज्या बाईची पाळी कधी २७ तर कधी ३४ दिवसांनी येते, तिनं तिसाव्या दिवशी घाबरायचं कारण नाही. पण हे कळायला मागच्या पाच-सहा पाळ्यांच्या तारखा हाताशी लागतात. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचा हिशेब, गॅस कधी लावला, बचतगटाचा हप्ता हे सगळं असतं, तिथे पेनाचा आणखी एक ठिपका सहज मावेल. सासूबाईंना दिसू नये असं वाटत असेल तर मोबाईल आहेच.

आता आतलं गणित. बीजांड बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. ते जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, पण शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणजे दिवस राहण्याची शक्यता असते ती बीजांड सुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस. २८ दिवसांचं चक्र असेल तर हे चौदाव्या दिवसाच्या आसपास येतं, ३५ दिवसांचं असेल तर एकविसाव्या. 'पाळीनंतर दहा दिवस सोडले की काही होत नाही' हा सल्ला ज्यानं कोणी पहिल्यांदा दिला, त्यानं बऱ्याच घरांत पाळणा हलवलाय.

'टेन्शन घेतलंस म्हणून लांबली' हेही अर्धंच खरं. ताण, जागरणं, ताप, झपाट्यानं घटलेलं वजन यांनी बीजांड सुटणंच पुढे जातं आणि म्हणून पाळी पुढे जाते. एकदा बीजांड सुटलं की पाळी साधारण दोन आठवड्यांत येते, तुम्ही काळजी करा वा करू नका. त्यामुळे लांबलेल्या पाळीचं कारण आजच्या टेन्शनमध्ये सापडत नाही, तीन-चार आठवडे मागे जाऊन बघावं लागतं. लावणीच्या दिवसांत आठवडाभर तापानं झोपली होती का? परीक्षा होती का? घरात मयत झालं होतं का?

हाच हिशेब नवऱ्यांनीही नीट समजून घ्यायला हवा, कारण आपल्याकडे तो चुकला की घर मोडायची वेळ येते. बायको गावी, नवरा मुंबईत, बोटीवर नाहीतर आखातात. समजा, बायकोची पाळी १ सप्टेंबरला आली. नवरा गणपतीला १२ तारखेला आला, १७ ला परत गेला. २९ ला पाळी यायला हवी होती, आली नाही. ६ ऑक्टोबरला डॉक्टरांनी तपासलं आणि कागदावर लिहिलं 'पाच आठवडे'. नवरा बोटं मोजतो: पाच आठवड्यांपूर्वी तर मी कांजूरमार्गच्या खोलीवर होतो! इथून पुढे काय काय होतं ते लिहायला नको. खरा हिशेब असा की गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण बाईला नक्की माहीत असते ती तेवढीच तारीख. पहिले दोन आठवडे गर्भ नसतोच, तरी ते धरले जातात. कागदावरचे पाच आठवडे म्हणजे प्रत्यक्षात सुमारे तीन, म्हणजे १४-१५ सप्टेंबर. तेव्हा हा गृहस्थ घरात आरत्या म्हणत होता. सुरुवातीच्या सोनोग्राफीवरचे आठवडेही याच पद्धतीचे असतात, आणि त्यात पाच-सात दिवस इकडेतिकडे धरावे लागतात.

गणपतीचा आणखी एक घोळ म्हणजे पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. घरात गौरी, त्यात अडचण नको, म्हणून नॉरइथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, तेही दुकानदाराला विचारून. (देवीला खरंच चालत नाही का, हा वाद आज बाजूला ठेवू.) रोज तीन गोळ्या, अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून, अशी साधारण पद्धत आहे. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. पण या गोळ्यांनी दिवस राहणं थांबत नाही. गोळ्या सुरू करायच्या आधीच गर्भ धरलेला असू शकतो, आणि 'गोळ्यांमुळे लांबली असेल' म्हणत महिना निघून जातो. शेवटच्या गोळीनंतर आठवडाभरात पाळी आली नाही तर टेस्ट करा. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, यकृताचा आजार असेल, अंगावर पाजत असाल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय ही गोळी घेऊच नका.

आय-पिलसारख्या गोळीचंही तसंच. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची एक गोळी, संबंधानंतर ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी. ती बीजांड सुटणं लांबवते. बीजांड आधीच सुटलं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही, आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही. घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. पुढची पाळी आठवडाभर आधी किंवा नंतर येऊ शकते, त्याहून उशीर झाला तर टेस्ट. गोळी घेतल्यावर त्याच महिन्यात पुन्हा संबंध आला तर त्याला मागची गोळी पुरत नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. सरकारी 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन वेळच्या वेळी घेणाऱ्यांची पाळी अनियमित होते, कधी बंदही होते, ते अपेक्षितच आहे. 'छाया' या गर्भनिरोधक गोळीनंही पाळी लांबते. तिच्यावर १५ दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तर खात्री करून घ्यावी.

आता टेस्ट. लघवीत एचसीजी नावाचं संप्रेरक सापडलं की किट दोन रेघा दाखवतं. गर्भ गर्भाशयाला चिकटल्यावरच हे संप्रेरक तयार व्हायला लागतं, आणि चिकटायलाच बीजांड सुटल्यापासून सहा ते बारा दिवस लागतात. म्हणून संबंधानंतर आठव्या दिवशी केलेल्या टेस्टला काडीचा अर्थ नाही. पाळी नियमित असेल तर तारीख चुकल्यावर करा, आणि आणखी चार-पाच दिवस थांबवत असेल तर उत्तमच. पाळीचा भरवसा नसेल तर सोपा नियम: शेवटच्या असुरक्षित संबंधापासून २१ दिवस. वरच्या उदाहरणात १७ सप्टेंबर अधिक २१, म्हणजे ८ ऑक्टोबर. त्या दिवशीची निगेटिव्ह टेस्ट विश्वासाची.

किट १०० रुपयांच्या आत मिळतं. आशाताईंकडे आणि उपकेंद्रात 'निश्चय' किट फुकट असतं. पण आशाताई वाडीतलीच, कोणाची तरी जाऊ नाहीतर नणंद, म्हणून बायका जात नाहीत. तिनं कोणाला सांगायचं नसतं, हा तिच्या कामाचा भाग आहे, हे तिलाही आणि वाडीलाही पक्कं ठाऊक असायला हवं. माझ्या मते थर्मामीटरसारखं एक किट घरात असूच द्यावं. फक्त मुदत बघा.

पाकीट वापरायच्या क्षणीच फोडा. आपल्याकडच्या दमट हवेत फोडून ठेवलेली पट्टी ओल धरते. सकाळची पहिली लघवी घ्या, कारण ती दाट असते. दिवसा तांब्याभर पाणी पिऊन केलेली टेस्ट सुरुवातीच्या दिवसांत फसवते. भांडं कोरडं हवं, साबणाचा अंश नको. किट न्हाणीतल्या ओल्या कठड्यावर ठेवू नका, कोरड्या सपाट जागी ठेवा. ड्रॉपर उभा धरून गोल खाचेत तीन थेंब, सावकाश, बुडबुडा न येऊ देता. रेघांच्या खिडकीवर थेंब उडाला तर किट गेलं. मग घड्याळ लावून पाच मिनिटं, किंवा पाकिटावर लिहिली असतील तितकी. सी आणि टी दोन्ही रेघा आल्या तर पॉझिटिव्ह. टी फिकी गुलाबी असली तरी ती रेघच, 'अर्धे दिवस' असा प्रकार नसतो. फक्त सी आली तर निगेटिव्ह. सी आलीच नाही तर ते किट बाद, टीचं काही का दिसेना. आणि कचऱ्यात टाकलेलं किट दुपारी परत काढून बघू नका: वाळल्यावर तिथे राखाडी, रंगहीन खूण उमटू शकते, आणि तिच्यापायी पुढची रात्र जाते. साखर, मीठ, टूथपेस्ट घालून फेस बघायच्या 'घरगुती टेस्ट' म्हणजे साखरेची नासाडी.

निगेटिव्ह आली आणि पाळीही नाही, तर आठवड्यानं पुन्हा. तीही निगेटिव्ह आणि तीन महिने पाळी नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. तिथे थायरॉईड, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक, पीसीओएस हा बीजकोशाचा विकार बघतील. उलट बाजूनं, तारखेच्या सुमारास दोन दिवस नुसते डाग पडले आणि नेहमीसारखं अंगावर गेलं नाही, तर 'आली एकदाची' म्हणून सुटू नका, टेस्ट करा. अंगावर पाजणाऱ्या बाईला पाळी सुरू व्हायच्या आधीच दिवस राहू शकतात, कारण बीजांड आधी सुटतं, पाळी नंतर येते. आणि पंचेचाळिशीच्या बायका 'आता जायचीच वेळ झाली' म्हणून चार महिने काढतात. सलग १२ महिने पाळी नसेल तेव्हाच ती गेली म्हणायची.

निकाल कळेपर्यंत दिवस राहिलेत असं धरूनच औषधं घ्या. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल, ब्रुफेन टाळा. लेप्टोसाठी पावसात वाटतात त्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या हातात पडल्या तर वाटणाऱ्याला 'पाळी चुकलीय' एवढं सांगा. त्या गरोदरपणात देत नाहीत.

कच्ची पपई, अननस, तीळगूळ, ओव्याचा काढा यांनी नको असलेला गर्भ पडत नाही. कुळथाची पिठी उष्ण म्हणून वाटीवर वाटी खाणाऱ्यांचं फक्त पोट बिघडतं. हे सगळं खाऊन पाळी आलीच, तर ती तशीही येणार होती. यात भीतीची गोष्ट वेगळीच आहे: त्या काढ्यांत तीन आठवडे जातात, आणि मग दुकानातून गुपचूप आणलेलं गर्भपाताचं किट. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉलच्या या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरच्या देखरेखीखाली चांगलं काम करतात. पण गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत असेल तर त्या काहीच करत नाहीत, आणि नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो. पाळी चुकलेली असताना खाली एका बाजूला सणकून दुखतंय, थोडं अंगावर जातंय, चक्कर येतेय, खांद्याच्या टोकाला कळ येतेय, यातलं काहीही असलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ लावा आणि सोनोग्राफी, ऑपरेशन, रक्त हे तिन्ही जिथे आहे तिथेच न्या, वाटेतल्या दवाखान्यात तास घालवू नका.

टेस्ट पॉझिटिव्ह आणि मूल हवं असेल तर फॉलिक अ‍ॅसिड त्याच दिवसापासून, आणि १२ आठवड्यांच्या आत उपकेंद्रात नोंदणी. सोनोग्राफीची पाचव्या आठवड्यात घाई केली तर ठोके दिसत नाहीत आणि नवी काळजी मागे लागते. पोटात दुखत नसेल तर सातवा आठवडा उजाडू द्या.

मूल नको असेल तरी लपण्यासारखं काही नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, काही परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मतानं २४ आठवड्यांपर्यंत करता येतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये अविवाहित बायकांनाही तोच हक्क असल्याचं सांगितलं. १८ वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते. 'नवऱ्याची सही आणा' असं जिथे सांगतात तिथे कायद्यात हे कुठे लिहिलंय ते विचारा, आणि दुसरीकडे जा. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. मुलगी १८ च्या आतली असेल तर पालकाची संमती लागते आणि पोलिसांना कळवावं लागतं, पण तिचं नाव उघड न करता कळवता येतं, हेही त्याच निकालात आहे. आया याच भीतीनं पोरींना तालुक्याच्या रुग्णालयात नेत नाहीत आणि आठवडे वाढत जातात. आधी टेस्ट करा, मग डॉक्टरला गाठा, पोरीला काय बोलायचं ते नंतर बघा.