एका जिनिंगच्या उताऱ्यावर सगळ्या खानदेशाचा निकाल लावू नका

कापसाचा हंगाम सरत आला की एक संदेश फिरतो: खानदेशात ज्या जिनिंगचा (कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याचा) रुईचा उतारा, म्हणजे क्विंटलभर कापसातून निघणारी रुई, सगळ्यांत जास्त, तिला शंभर गुण द्या, बाकीच्या जेवढ्या मागे, तेवढ्या त्या अकार्यक्षम, बँकांनी कर्ज देताना हीच यादी बघावी. कर्जाची गोष्ट आहे म्हणूनच या संदेशावरून मांडले जाणारे मुद्दे एकेक करून तपासायला हवेत.

"सर्वोत्तम तोच मापदंड." कल्पना जुनी आहे आणि मुळात चांगली आहे. उत्पादनाची कमाल सीमा आखायची आणि प्रत्येक कारखाना तिच्यापासून किती दूर ते मोजायचं, ही वाट अर्थशास्त्रज्ञ फॅरेल यांनी 1957 मध्ये दाखवली. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या संशोधकांनी 1978 मध्ये तिला डेटा एन्व्हलपमेंट अॅनालिसिसचं रूप दिलं. अडचण अशी की ही सीमा सर्वांत पुढच्या मोजक्या कारखान्यांवरच टेकलेली असते. समजा 60 पैकी 59 जिनिंग क्विंटलभर कापसातून 33 ते 35 किलो रुई काढतात आणि एक 40 दाखवते. लगेच 34 किलोवाली 85 टक्क्यांवर येते. ती एक नसती तर हिलाच 97 टक्के मिळाले असते. हिच्या कामात काडीचाही फरक पडलेला नाही.

यावर काझाल्स, फ्लोरेन्स आणि सिमार या संशोधकांनी 2002 मध्ये उपाय मांडला. सगळ्यांशी एकदम तुलना करायचीच नाही. 60 मधून चिठ्ठ्या टाकून 10 काढायच्या, त्यांतली सर्वोत्तम बघायची, हे शेकडो वेळा करायचं आणि सरासरी घ्यायची. ती 40 वाली साधारण सहांतून एकदाच हाती लागते, म्हणून मापदंड 36 च्या खाली राहतो आणि 34 वाली 95 टक्क्यांच्या आसपास येते. 40 वालीला मात्र 110 च्या वर गुण पडतात. कुठे जाऊन तपासायचं तेही त्यातून कळतं.

"आकडे खोटे बोलत नाहीत." मागच्या हंगामाचा शिल्लक कापूस यंदा जिनिंगला घातला, रुई यंदाच्या हिशेबात आली आणि खरेदी जुन्या वहीत राहिली, की उतारा आपोआप फुगतो. कोणी लबाडी केलेली नसतानाही.

"मग वरची काढूनच टाका." हेही नको. ती खरोखरच उत्तम चालत असेल तर शिकायचं तिच्याकडूनच.

"मागे पडणं हा मालकाचा दोष." जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-रावेर पट्ट्यातला पूर्वहंगामी बागायती कापूस पावसाळा सरायच्या आत येतो, ओलसर असतो. वजनातलं पाणी उडून जातं, रुई कमी भरते. वाणावाणातही फरक असतो. योगायोग आणि अकार्यक्षमता वेगळी करणारी स्टोकॅस्टिक फ्रंटियर पद्धत 1977 पासून आहे, पण तिच्यात उत्पादनाच्या सूत्राचा आकार, म्हणजे कशातून किती माल निघतो त्याचं समीकरण, आधीच गृहीत धरावा लागतो.

"वीज, मजूर, यंत्रं, सगळं घाला म्हणजे यादी अचूक होईल." कारखाने थोडे आणि रकाने फार झाले की तुलनेला जोडीदारच उरत नाही, आणि जो तो शंभरावर जाऊन बसतो. अशा यादीवर बँकेने कर्ज दिलं काय आणि नाकारलं काय, दोन्ही अंदाजपंचेच.