कडक अधिकारी आणि बेडची यादी

परवा सोसायटीच्या ग्रुपवर एकाने टाकलं की पुढची साथ आली ना की सगळं एका कडक अधिकाऱ्याच्या हातात द्या, मग बघा कसे सुतासारखे सरळ होतात सगळे. तीस अंगठे आले खाली.

अहो पण तो प्रयोग करून झालाय की आपला. १८९७, पुणे, प्लेग. प्लेग कमिटीचे प्रमुख रँडसाहेब, हाताशी गोरे सोल्जर, पाठीशी त्याच वर्षीचा साथरोग कायदा. कमांड म्हणाल तर फुल. पण सोल्जर घराघरात घुसायला लागले आणि लोक पेशंट लपवायला लागले. खालून माहितीच येत नसेल तर साहेब वरून हुकूम सोडणार कशाच्या जोरावर?

आता कोरोनातलं मुंबईचं २०२० आठवा. सुरवातीला सगळा लोड पालिकेच्या १९१६ या एकाच हेल्पलाइन नंबरवर, फोन लागता लागेना. मग २४ वॉर्डांत २४ वॉर रूम झाल्या, म्हणजे बेड वाटणाऱ्या कंट्रोल रूम, फोनवर डॉक्टर बसवले, शिक्षकसुद्धा. पण माझ्या मते खरी गोम रिपोर्टमध्ये होती. लॅबने पॉझिटिव्ह रिपोर्ट आधी पालिकेला द्यायचा, तिथून तो वॉर्डात आणि वॉर्डातून पेशंटला फोन. लोक जाम चिडले, मीही चिडलो होतो, सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की पेशंटला रिपोर्ट मिळालाच पाहिजे, आणि ते बरोबरच आहे. पण वॉर्डाला आधी कळल्यामुळे ज्याचं घरी राहून भागणार होतं तो घाबरून बेड अडवून बसत नव्हता आणि ज्याला श्वास घेता येत नव्हता त्याच्याकडे गाडी जात होती, हेही खरं ना.

एप्रिल २०२१ मध्ये मुंबईतच ऑक्सिजन संपत आला म्हणून एका रात्रीत ६ हॉस्पिटलमधून १६८ पेशंट हलवले. कुठल्या जम्बो कोविड सेंटरमध्ये किती बेड रिकामे हे ऐनवेळी विचारत बसले असते तर सकाळ झाली असती.

त्याच महिन्यात माझ्या मामासाठी (मुंबईबाहेर, गाव सांगत नाही) आम्हाला तीन नंबर मिळाले, तिघांकडे बेडच्या तीन याद्या आणि तिन्ही कालच्या. अधिकारी तिथेही कडकच होते म्हणे. बेड मिळाला तो मामेभावाच्या वर्गमित्रामुळे, एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहे तो.

ग्रुपवर एवढं सगळं लिहिलं नाही. आमच्या वॉर्ड वॉर रूमचा नंबर तेवढा जुन्या फोनमधून शोधला आणि लावून बघितला. रिंग वाजत राहिली.